आजी रात्री ओरडायच्या थांबल्या आणि सगळ्यांना बरं वाटलं: मुंबईतल्या एका केअर सेंटरचं प्रकरण

जुलैच्या मध्यात या आजींना तापात, गुंगीत हॉस्पिटलात आणलं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी त्यांना कुशीवर वळवलं तर माकडहाडावर तिसऱ्या स्टेजचा बेडसोअर, म्हणजे कातडी पूर्ण गेलेली आणि आतली पिवळी चरबी दिसतेय अशी जखम, वर ड्रेसिंग नाही, नुसती पावडर. रक्तातलं सोडियम १२४, जे १३५ ते १४५ असायला हवं. लघवीत इन्फेक्शन. वय ८२, वजन ४१ किलो. फेब्रुवारीत ज्या केअर सेंटरमध्ये त्यांना ठेवलं तिथल्या ॲडमिशनच्या कागदावर वजन ४६ लिहिलंय, कातडी व्यवस्थित, आणि सोबत एक माणूस असेल तर वॉकर धरून बाथरूमपर्यंत चालतात अशी नोंद आहे. म्हणजे पाच महिन्यांत, पैसे भरून, चोवीस तास माणसं असलेल्या जागेत हे झालं.

मी पालिकेच्या हॉस्पिटलात सिस्टर इन्चार्ज होते, रिटायर झाल्यावर घरोघरी अंथरुणाला खिळलेल्या लोकांचं नर्सिंग बघते. आजींच्या मुलीनं मला बोलावलं तेव्हा ती रागानं थरथरत होती, "सिस्टर, कुठल्या बाईनं हे केलं तेवढं सांगा, मी तिला सोडणार नाही." सेंटरच्या मालकांनी सगळी रजिस्टरं, ड्युटी लिस्ट, औषधांची फाईल काढून दिली, हे त्यांच्या बाजूनं नोंदवते कारण बरेच लोक ते करत नाहीत. सेंटर, हॉस्पिटल, माणसं यांची ओळख मुद्दाम देत नाहीये.

आधी जागा कशी आहे ते. पश्चिम उपनगरात एक जुना बंगला, तळमजला आणि वर एक मजला, मिळून २४ जण. महिना ३५ हजार, डायपर आणि औषधं वेगळी. दिवसा एक एएनएम, म्हणजे नर्सिंगचा छोटा कोर्स केलेली सिस्टर, चार मावश्या, एक मामा. रात्री आठ वाजता सिस्टर घरी जाते आणि खाली एक मामा, वर एक मावशी एवढेच उरतात. डॉक्टर रविवारी सकाळी राऊंडला येतात, एरवी फोनवर. मावश्या सगळ्या ब्युरोच्या, म्हणजे कामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या, राहायला नालासोपारा-विरारकडे, आठ ते आठ ड्युटी. दिवसा गेलात तर जागा खरंच छान वाटते, फरशी चकाचक, दुपारी भजन, जेवण गरम. फोटो काढून नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. रात्रीचा फोटो अर्थात कोणी टाकत नाही, आणि ॲडमिशनच्या वेळी रात्री किती माणसं असतात हे विचारणारे नातेवाईक मला फार कमी भेटलेत.

आजी मराठी शाळेत शिक्षिका होत्या, आयुष्य गिरगावातल्या चाळीत गेलं. डिसेंबरात पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आधीपासून थोडा होता तो विसराळूपणा हॉस्पिटलच्या मुक्कामानंतर वाढला, डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून लिहिलं. मुलगी डोंबिवलीला, नोकरी करते, दिवसभर घरात कोणी नाही, म्हणून सेंटर. यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

एप्रिलमध्ये आजी रात्री ओरडायला लागल्या. रजिस्टरमध्ये लिहिलंय "रात्री आरडाओरडा, पळून जायला बघतात". त्या एकच म्हणायच्या, दार उघडा, दार उघडा, आणि बेडवरून उतरायला बघायच्या. शेजारच्या बेडवरच्या बाईंच्या घरच्यांनी तक्रार केली, पलीकडच्या सोसायटीतूनही कोणीतरी येऊन बोलून गेलं. मग बेडचे रेलिंग वर झाले. मे महिन्यात फोनवर विचारून क्वेटियापिन, म्हणजे मानसिक आजारांवरची अँटिसायकोटिक गटातली गोळी, २५ मिलिग्रॅम सुरू झाली, पंधरवड्यात ५० झाली, वर "गरज पडल्यास" लोराझेपाम, ही गुंगी आणणारी गोळी. फाईलमध्ये या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन नाही, मॅनेजरच्या मोबाईलवर एक व्हॉइस मेसेज आहे. आणि "गरज पडल्यास" वाली गोळी, मी मोजली तर, मेच्या शेवटापासून जवळजवळ रोज दिली गेलीय.

आजी थांबल्या. सगळ्यांना बरं वाटलं, मुलीलाही, तिला रविवारी सांगितलं की आता आजी छान झोपतात. ती यायची रविवारी चार ते सहा या वेळात, तेव्हा आजी खुर्चीत, धुतलेला गाऊन, केस विंचरलेले, अंगावर शाल. पाठ कशी दिसणार तिला.

मी मुलीला विचारलं की दार उघडा म्हणजे कुठलं दार, काही आठवतंय का. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, अहो चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला होते, लाकडी दारं, पावसाळ्यात फुगून घट्ट बसायची, आई रात्री एकटी जायची नाही, बाबांना उठवायची, दार उघडून द्या म्हणायची. म्हणजे आजी पळून जात नव्हत्या, त्यांना संडासला जायचं होतं, आणि ते त्या ज्या शब्दांत वर्षानुवर्षं सांगत आल्या त्याच शब्दांत सांगत होत्या. मला हे ऐकून रात्रभर झोप लागली नाही, खरं सांगते. पाच मिनिटांची विचारपूस होती ती, ॲडमिशनच्या फॉर्मवर आधार कार्ड आणि मेडिक्लेमच्या रकान्यांसोबत एक ओळ असती की यांना रात्री काय सवय आहे, तर.

आणि संडासला का सारखं जावंसं वाटत होतं? कारण पोट साफच होत नव्हतं. आयर्नची गोळी चालू, त्यानं कडक होतं. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद, कारण डायपर भरतात, आणि दिवसाला तीन डायपरच्या वर गेलं की नातेवाईक बिलावरून भांडतात, त्यामुळे हा नियम कोणी लिहिलेला नसताना सगळ्या मावश्यांना पाठ. बेडवर रेलिंग, म्हणून उठणं बंद. जूनमध्ये रजिस्टरला "जुलाब" लिहिलंय आणि लोपरामाईड दिलीय, आता हे वाचून माझ्या हाताला घामच फुटला, कारण आत मळाचा गोळा अडकलेला असताना बाजूनं पातळ झिरपतं, ते जुलाब नसतात, आणि त्यावर जुलाब थांबवायची गोळी दिली तर त्या माणसाचं काय होत असेल विचार करा. हॉस्पिटलात एनिमा दिल्यावर ते निघालं. मळाच्या त्या गोळ्यानं मूत्राशयही दबतं, लघवी साठते, इन्फेक्शनला वाट मिळते. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं, त्यानं सोडियम उतरतं, म्हणून म्हाताऱ्या माणसाचं सोडियम मधूनमधून तपासायचं असतं, इथं फेब्रुवारीनंतर रक्तच काढलेलं नाही. सोडियम उतरलं की सुस्ती येते, आणि सुस्ती म्हणजे गोळी लागू पडली असं सगळे समजत राहिले.

क्वेटियापिनबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण ही गोळी आपल्याकडे डिमेन्शियाच्या पेशंटला सहज दिली जाते. अमेरिकेच्या औषध नियामकानं, एफडीएनं, २००५ सालीच या गटातल्या औषधांवर सगळ्यात कडक इशारा टाकला की डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये यानं मृत्यूचं प्रमाण वाढतं. म्हाताऱ्यांना कुठली औषधं टाळावीत याची बिअर्स क्रायटेरिया म्हणून यादी आहे, १९९१ पासूनची, तिची २०२३ ची आवृत्तीही हेच सांगते, आधी औषधाशिवायचे उपाय करा, ते फसले आणि माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी वेळ आली तरच द्या, आणि ठराविक काळानं बंद करून बघा. लोराझेपामसारख्या गोळ्याही त्याच यादीत आहेत, तोल जातो, भ्रम वाढतो म्हणून. मी असं म्हणत नाही की ही औषधं कधीच द्यायची नाहीत, काही घरांमध्ये त्याशिवाय गत्यंतर नसतं. पण इथं औषधाशिवायचा उपाय म्हणजे आजींना रात्री एकदा हात धरून संडासला नेणं एवढाच होता, आणि तो कोणी करून बघितलाच नाही.

आता जखमेकडे येते. आपण झोपेतही हलतो, बोचलं की कूस बदलतो. गोळीनं ते हलणं गेलं. हाडाच्या आणि गादीच्या मध्ये कातडी दाबली जाते, तिथलं रक्त थांबतं, आणि काही तासांत नुकसान सुरू होतं. पहिल्या स्टेजला फक्त डाग असतो, बोट दाबून सोडलं तरी पांढरा न पडणारा. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसतच नाही, जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा काळसर दिसतो, हाताला गरम किंवा टणक लागतो, म्हणून उजेडात बघावं आणि हात लावावा लागतो. दिवसाच्या एका मावशीनं जूनच्या शेवटी तो डाग पाहिला होता. तिनं मॅनेजरला तोंडी सांगितलं. मॅनेजर म्हणाला पावडर लावा, चोळा. आमच्या काळी आम्हालाही स्पिरिट-पावडरनं पाठ चोळायला शिकवलं होतं, आता ते चुकीचं मानतात, हाडावरची दुखावलेली कातडी चोळली की आतून अजून फाटते. तशीच ती रबराची गोल रिंग, ती तर काढूनच टाका, कडेनं रक्त अडवते.

एअर मॅट्रेस होती, मुलीनंच आणून दिलेली. पण तिच्यावर एक गोधडी, त्यावर मॅकिन्टॉश म्हणजे रबरी शीट, त्यावर चादर, एवढे थर टाकले की हवेचा उपयोग काय राहिला. आणि पंप रात्री बंद. भिंतीवर एक्स्टेन्शन बोर्डला दोनच जागा, एकात मच्छरचं मशीन आणि दुसऱ्यात मावशीचा फोन. मावशीचा फोन चार्ज असणं ही तिची चैन नाही हो, रात्री इमर्जन्सीला डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, मालक सगळ्यांना त्याच फोनवरून लावायचं असतं. दोनशे-तीनशे रुपयांचा अजून एक बोर्ड लागला असता. तुमच्या घरी अशी गादी असेल तर माणूस झोपलेला असताना माकडहाडाच्या खाली, गादीच्या खालून तळहात घालून बघा, हाड हाताला जाणवलं तर गादी काम करत नाहीये.

त्यात पाऊस. चादरी वाळत नाहीत, दमट चादर, ओला डायपर, घाम, अशा कातडीला फाटायला वेळ लागत नाही. आणि नालासोपाऱ्याला पाणी भरून लोकल बंद पडल्या की सकाळची मावशी येतच नाही, रात्रीची आहे तीच पुढे दिवसभर आणि परत रात्री उभी राहते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात असं झालंय, ड्युटी लिस्टवर एकाच बाईचं नाव सलग तीन शिफ्टला आहे.

कूस बदलायचा चार्ट मात्र पूर्ण भरलेला, दर दोन तासांनी डावी, पाठ, उजवी, टिक, टिक, टिक. त्याच आठवड्यातल्या एका रात्री खालच्या मजल्यावरच्या एका आजोबांना श्वास लागला, मामा खाली एकटा घाबरला म्हणून वरची मावशी ॲम्ब्युलन्समधून सोबत गेली, हॉस्पिटलच्या कागदावर वेळ आहे, दीडला निघाली ती पाचला परत. चार्टवर दोन आणि चारला आजींची कूस बदललेली आहे. मी मावशीला बाजूला घेऊन विचारलं. ती रडायला लागली, म्हणाली, "सिस्टर, चार्ट रिकामा दिसला की पगार कापतात, मी काय करू." त्या साडेतीन तासांत वरच्या तेरा म्हाताऱ्या माणसांजवळ कोणीच नव्हतं, आणि जिन्याच्या कोलॅप्सिबल गेटला कुलूप असतं आणि चावी मावशीच्या कमरेला. आग लागली असती तर? महाराष्ट्रात अग्निसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म द्यावा लागतो, तो यांचा होता, सिलेंडर भरलेले होते. पण कुलपाचा विचार कोणाच्याच डोक्यात नव्हता.

मी मालकांसमोर वहीवर हिशोब मांडला. वरच्या तेरातले सात जण स्वतः हलू शकत नाहीत. एकाची कूस बदलायची, डायपर बघायचा, उशा लावायच्या, दोन माणसं असतील तर दहा मिनिटं. सात जणांचे सत्तर मिनिटं, दर दोन तासांतले. उरलेल्या पन्नास मिनिटांत तिघांना संडासला न्यायचं, एकाला नळीतून फीड, कोणी उलटी केली तर ते, आणि पहाटे चारपासून स्पंजिंग सुरू करायचं कारण दिवसाच्या लोकांना सगळे तयार हवे असतात. हे दोन माणसांचं गणित आहे आणि माणूस एकच आहे. एकटी बाई ४१ किलोच्या बाईला उचलू शकत नाही, ती चादरीवरून ओढते, आणि ओढण्यानं कातडी एका बाजूला आणि हाड दुसऱ्या बाजूला सरकून आतून फाटतं. म्हणून मुलीला मी जे सांगितलं ते हेच, की ज्या बाईला तू शोधतेयस तिच्या जागी मी असते, माझं सगळं ट्रेनिंग घेऊन, तरी ही जखम झाली असती. रात्रीच्या एका माणसाचा पगार वाचवला, तिथून हे सुरू झालं, कारण माणूस नाही म्हणून आवाज नको, आवाज नको म्हणून गोळी, आणि गोळीमुळे बाकीचं सगळं. मुलीला हे लगेच पटलं नाही, आणि मी समजू शकते, आपल्या आईच्या पाठीला भोक पडलेलं बघितल्यावर तिला एक चेहरा हवा होता.

कायद्याचं काय, हे तिनं विचारलं. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, पण त्यातलं वृद्धाश्रमांचं कलम हे सरकारनं प्रत्येक जिल्ह्यात गरीब वृद्धांसाठी किमान दीडशे जणांची सोय करावी असं आहे, अशा खासगी सेंटरमध्ये रात्री किती माणसं हवीत हे त्यात सापडत नाही. नोंदणी आणि किमान दर्जा आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. दुसरीकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा आहे, त्यात आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या लोकांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा म्हणजे नर्सिंग होम अशी व्याख्या आहे. हे सेंटर म्हणतं आम्ही फक्त वृद्धाश्रम. पण वर नळीतून फीड आहे, कॅथेटर आहेत, इन्सुलिन आहे, मग ही शुश्रूषा नाही तर काय आहे? माझं मत स्पष्ट आहे, अशा जागांनी वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जाऊन नोंदणीचा विषय लावून धरायला हवा. मुलीनं १४५६७ या एल्डरलाईनवर फोन केला, त्यांनी नीट ऐकून मार्गदर्शन केलं, पोलिसात मात्र ती शेवटी गेली नाही, वॉर्ड ऑफिसला लेखी तक्रार दिली.

आजी हॉस्पिटलातून परत त्याच सेंटरमध्ये गेल्या. नातेवाईकांनी मुलीला बरंच बोलून घेतलं, पण तिची अट मान्य झाली होती, आणि दुसरीकडे नेलं असतं तर तिथंही रात्री एकच मावशी असती आणि आजींच्या ओळखीची तर तीही नसती. अट एकच, वरच्या मजल्यावर रात्री दोन माणसं. मालकांनी महिन्याला अडीच हजार फी वाढवली, दोन कुटुंबांनी आपली माणसं काढून नेली, बाकीचे राहिले. गेटची एक चावी काचेच्या डबीत भिंतीवर लागली. पाणी आठपर्यंत, डायपरचा कोटा बंद. आयर्नची गोळी बदलली, बीपीचीही, संडासची नोंद रोज, तीन दिवस कोरडे गेले तर डॉक्टरांना फोन. क्वेटियापिन एकदम बंद न करता हळूहळू उतरवली. कातडी बघायची ती आंघोळीच्या वेळी, खिडकीच्या उजेडात, आणि ज्या मावशीला डाग दिसेल तिनं मॅनेजरला न विचारता थेट डॉक्टरांना फोटो पाठवायचा, हा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, मॅनेजरला तो सगळ्यात जास्त खुपला. चार्ट भरला नाही म्हणून पगार कापायचा नाही, रिकामा रकाना म्हणजे माणूस कमी पडलं एवढाच अर्थ घ्यायचा. पहिल्या आठवड्यात खूप रकाने रिकामे आले, मालक अस्वस्थ झाले, मी त्यांना म्हटलं की पहिल्यांदा तुम्हाला खरा कागद मिळतोय.

आणि रात्री दहा, दोन आणि पाचला आजींना कमोडच्या खुर्चीवर बसवायला लागले. तिसऱ्या की चौथ्या रात्रीपासून ओरडणं जवळपास थांबलं, गोळी कमी होत असताना. दोनच्या सुमाराला मावशी गेली की आजी स्वतःच हात पुढे करतात असं ती सांगते.

जखम भरायला दिवाळी उलटली. अंडं, डाळ, दूध, सत्त्व असं करून दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम प्रोटीन पोटात जाईल असं बघितलं, जखमेला प्रोटीन लागतं, एक दिवसाआड ड्रेसिंग. वजन ४४ पर्यंत आलं. चालणं मात्र परत आलं नाही, दोन महिने रेलिंगच्या आत पडून राहिल्यावर पायातली ताकद गेली ती गेली, फिजिओ येतो, उभ्या राहतात, पाऊल टाकत नाहीत. फेब्रुवारीत चालत आलेल्या बाईचं हे नुकसान भरून येणारं नाही आणि मी कोणालाही ते झालं गेलं म्हणू देत नाही.

सध्या मालकांशी माझा वाद दुसऱ्या मावशीच्या पगारावरून चालू आहे. ब्युरो तिच्या पगारातून कमिशन कापतो, हातात येतं ते दिवसपाळीपेक्षा कमी, आणि ती सोडून जायचं म्हणतेय. मी त्यांना लिहून दिलंय की तिला ब्युरोतून काढून सेंटरच्या पगारावर घ्या, रात्रपाळीचे वेगळे पैसे द्या. पुढच्या महिन्याच्या फीचा हिशोब झाला की बघतो म्हणालेत.